न रडणारी

“बरं. अजून काही?” इनआम म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर ते शब्द तिला ऐकू आले.

आवाज तिचाच होता, पण गिऱ्हाइकानं साखर आणि चहा मागितल्यावर दुकानदार काट्यावरची नजर न हलवता विचारतो, तसा. समोर उम्म हैसम बसली होती. अंगाभोवती साडीसारखं लांबलचक निळं सुदानी तोब, त्यावर निर्वासितांच्या केंद्रात दान आलेल्या कपड्यांतून मिळालेला कुणा उंच पुरुषाचा कोट. तिनं नुकतंच सांगून संपवलं होतं, की शहराबाहेरच्या नाक्यावर बंदूकवाल्यांनी बस थांबवली, तरण्या पोरांना खाली उतरवलं, बूट काढायला लावले आणि ड्रायव्हरला म्हणाले, तू जा. बस सुटली तेव्हा तिनं मागच्या काचेतून पाहिलं, तर हैसम वाकून बुटाची नाडी सोडत होता. गाठ बसली होती. लहानपणापासून त्याला नाडी धड बांधता यायची नाही. त्यानंतर तिनं त्याला पाहिलं नाही. कसा सापडला ते दुसऱ्यांनी पाहिलं आणि येऊन सांगितलं. एवढं बोलून ती थांबली होती, आणि इनआम म्हणाली होती, अजून काही? उम्म हैसमनं मान खाली घातली, तोबाचा पदर डोक्यावर सारखा केला. “नाही. एवढंच,” ती म्हणाली, अगदी समजूतदारपणे, जणू आपणच जरा जास्त वेळ घेतला.

इनआम त्या वेळी काकड्यांचा विचार करत होती. दुपारी लेबनॉनवाल्याच्या दुकानातून घेतलेल्या काकड्या तिनं गाडीच्या डिकीत तशाच ठेवल्या होत्या, आणि बाहेर कॅनडातल्या विनिपेगचा फेब्रुवारी होता. या थंडीत डिकीत राहिलेली काकडी काचेसारखी होते आणि घरात आणली की तिचा चिखल होतो. हैसम वाकला होता, गाठ सुटत नव्हती, आणि इनआमच्या मनात आलं होतं, निदान वर्तमानपत्रात तरी गुंडाळायला हव्या होत्या.

उम्म हैसम म्हणजे हैसमची आई. पहिल्या मुलाच्या नावानं बाईला हाक मारायची, ही रीत इराकात, इनआमच्या मोसुलमध्येही तीच आणि सुदानातही तीच. मुलगा गेला तरी हाक बदलत नाही. म्हणजे गेले कित्येक आठवडे इनआम रोज त्या पोराचं नाव घेऊनच विचारत होती, चहा घेणार का, उद्या जमेल का, बसचा पास मिळाला का. सुरुवातीला दर वेळी जीभ अडखळायची. कधीपासून अडखळेनाशी झाली, ते तिला सांगता आलं नसतं. उम्म हैसमला बाहेर थांबलेल्या तिच्या भाचीच्या हवाली करून ती गाडीशी आली, पुढच्या जाळीतून लोंबणारी इंजिन गरम ठेवायची वायर भिंतीतून उपटली, आत बसली आणि चावी न फिरवता तशीच बसून राहिली. डिकी उघडून पाहायचं तिला धाडस होईना. काकड्या गोठल्या असतील याची भीती नव्हती. त्या गोठलेल्या नसतील, धडधाकट असतील, तर मग आपण हैसमऐवजी त्यांचाच विचार का करत होतो, याची होती.

दाताचा डॉक्टर हिरडीत इंजेक्शन देतो, तसं काहीतरी तिला झालं होतं. आधी टोचतं, मग मुंग्या येतात, मग ओठ आपला राहत नाही. माणूस घरी येऊन चहा पितो, चहा हनुवटीवरून ओघळतो आणि त्याला कळत नाही; जीभ चावली जाते, रक्ताची चव आली की मग समजतं. या कामाला लागली तेव्हा ती रडायची. गाडीत, अंघोळ करताना, एकदा तर सुपरमार्केटात दुधाच्या कपाटाचं दार उघडं धरून. मग रडणं थांबलं आणि स्वप्नं सुरू झाली. स्वप्नांत तिचं स्वतःचं कुणी नसायचं, सगळी दुसऱ्यांची माणसं, दुसऱ्यांच्या बोटी, दुसऱ्यांचे तुरुंग. मग स्वप्नंही थांबली आणि सगळ्यांना बरं वाटलं, तिलाही. तिचं काम असं, की अरबी बोलणाऱ्या निर्वासितांची हकिकत ऐकायची, आश्रयाच्या अर्जाच्या सुनावणीत विचारतील म्हणून तिला क्रम लावायचा आणि वकिलाकडे पोचवायची. माणसाला झालेलं क्रमानं आठवत नाही. आधी वास आठवतो, मग कुणाची तरी चप्पल, मग तीन वर्षांमागचं लग्न. इनआम हळूच विचारायची, हे आधी की ते आधी? नाक्याच्या आधी की नंतर? या कामात तिचा हात बसला होता. इतका, की समोरच्यानं पहिलं वाक्य टाकलं की चौथं तिला आधीच माहीत असायचं. ते वाक्य यायला उशीर झाला की तिला चुळबुळ व्हायची. ही चुळबुळ तिनं कधी कुणाला सांगितली नव्हती.

बाकीचं सांगून पाहिलं नव्हतं असं नाही. केंद्राची संचालिका ग्वेन फ्रीझन मोठ्या मनाची बाई. तिनं दोन वर्षांपूर्वी सगळ्यांसाठी श्वास घ्यायला शिकवणारी एक बाई बोलावली होती. त्या बाईनं प्रत्येकाच्या तळहातावर नदीतला एकेक गुळगुळीत दगड ठेवला आणि म्हणाली, जड वाटलं की याला धरा. इनआमचा दगड हल्ली घरी सलगमच्या लोणच्याच्या बरणीत फोडी बुडवून धरायला होता, आणि त्या कामाला उत्तम होता. मग ग्वेननं तिला समुपदेशनाला पाठवलं. तिथली समुपदेशक मुलगी लुबनाएवढी, म्हणजे इनआमच्या लेकीएवढी होती. मऊ खुर्च्या, मऊ आवाज. दुसऱ्या खेपेला इनआमनं तिला त्या बाईची गोष्ट सांगितली जिनं बाळ रडू नये म्हणून त्याचं तोंड दाबून धरलं होतं. मुलीचे डोळे भरून आले. “सॉरी,” ती म्हणाली, “मला जरा, एक मिनिट.” इनआमनंच उठून रुमालांचा खोका तिच्यापुढे सरकवला, ग्लासात पाणी ओतून दिलं, म्हणाली, “होतं असं. होतं.” नंतर ती तिथे गेली नाही. पोरीला परत त्रास नको, असं तिनं स्वतःला सांगितलं.

घरी तिचा नवरा मुवफ्फक टेबलाशी बसला होता, अंगावर अजून बस-ड्रायव्हरचा युनिफॉर्म. चहाचा गरम इस्तिकान, तो छोटा इराकी काचेचा पेला, दोन्ही हातांत धरला होता, पीत नव्हता. तिनं काकड्यांची पिशवी सिंकमध्ये ठेवली. पिशवी दगडासारखी वाजली.

“आज बसमध्ये एक म्हातारा गेला,” तो म्हणाला.

“कुठे गेला?”

“गेला म्हणजे गेला, इनआम. वारला. शेवटच्या स्टॉपवर मी दिवे लावले, म्हटलं आजोबा, उठा, आलं. झोपलाय असंच वाटलं. खांद्याला हात लावला तर टोपी खाली पडली आणि...”

“शेवटच्या स्टॉपच्या आधी कुणी बोललं होतं त्याच्याशी? चढला कुठे तो? तू हात लावलास तो पोलिसांना फोन करायच्या आधी की नंतर?”

मुवफ्फकनं इस्तिकान खाली ठेवला. त्यानं तिच्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. रस्त्यात ओळखीचा वाटून हाक मारावी आणि वळलेला माणूस भलताच निघावा, तसं.

“मी तुझ्या ऑफिसात नाहीये,” तो म्हणाला आणि उठून बाहेर अंगणातला बर्फ ओढायला गेला. अंगणात ओढण्यासारखा बर्फ नव्हता, सकाळीच ओढला होता. खिडकीतून त्याच्या फावड्याचा नुसत्या सिमेंटवर घासल्याचा आवाज येत राहिला. इनआमला कळत होतं की बाहेर जावं, त्याच्या पाठीवर हात ठेवावा. कळत होतं, एवढंच. हात होते, दार होतं, दाराशी तिचे बूट होते. ती सिंकपाशी उभी राहून काकड्यांवर गार पाणी सोडत राहिली.

तिला अम्मानमधला, निर्वासितांचे अर्ज घेणारा तो तरुण अधिकारी आठवला. मोसुलच्या घरातून बाबांना उचलून नेलं त्यानंतरच्या वर्षी ती आणि आई अम्मानला पळून आल्या होत्या, आणि रांगेत उभ्या राहून राहून एकदाच्या त्याच्या टेबलापुढे बसल्या होत्या. आईनं सांगायला सुरुवात केली आणि तो संत्रं सोलू लागला. नखं नीट कापलेली. साल एकाच पट्टीत निघावी म्हणून तो जपून सोलत होता. आई बाबांच्या घड्याळाबद्दल सांगत होती, जे त्यांना नेणाऱ्यांनी नंतर परत पाठवलं होतं, आणि इनआमचे डोळे त्या सालीवर खिळले होते; ती तुटावी, मध्येच तुटावी, असा धावा ती करत होती. साल तुटली नाही. त्यानं ती टेबलावर ठेवली, गोल, अख्खी, आणि म्हणाला, पुढे. इतकी वर्षं ती त्या माणसाचा द्वेष करत आली होती. एखादी जुनी वस्तू सांभाळावी तसा तिनं तो द्वेष देशोदेशी नेला होता. या कामाला लागण्याचं तेही एक कारण होतं: निदान एक टेबल तरी असं असावं जिथे कुणी संत्रं सोलणार नाही. आज पहिल्यांदाच तिला वाटलं, त्या दिवशी आईच्या आधी त्याच्यासमोर कोण बसून गेलं असेल? आणि त्याच्याही आधी? संध्याकाळी तो कुणाच्या घरी जात असेल, आणि त्या घरात त्याच्याशी कोण बोलत असेल? या विचारानं तिला मोकळं वाटलं नाही. उलट, पायाखालचा एक कोपरा होता, तोही गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कोटही न काढता ग्वेनच्या खोलीत गेली.

“मला उम्म हैसमच्या कामातून काढ. रीमाला दे.”

“बस आधी. काय झालं? काही बोलली का ती?”

“ती नाही. मी बोलले.” आणि इनआमनं सांगितलं. काकड्यांसकट.

ग्वेननं मान एका बाजूला कलती करून सगळं ऐकलं. “अगं, दमलीयस तू. एखादं वाक्य निसटतं.”

“निसटलं नाही, ग्वेन. आत दुसरं काही नव्हतंच.”

“खरं सांगू का? तुला सांगणार नव्हते, डोक्यात हवा जाईल म्हणून,” ग्वेन हसली. “मागे तू तापानं पडली होतीस ना, तेव्हा मी तिला रीमाकडे बसवलं होतं. ही आपली उठून बाहेर. भाचीला म्हणाली, ‘ती मुलगी रडते. मग मलाच तिला पाणी द्यावं लागतं, पाठीवरून हात फिरवावा लागतो आणि माझं सांगायचं राहूनच जातं. मला ती इराकी बाई हवी. ती रडत नाही.’” ग्वेननं टेबलावरून हात पुढे करून इनआमचा हात दाबला. “आता याला तू काहीही म्हण. मी तरी कसब म्हणते. सुनावणी पुढच्याच आठवड्यात आहे. तेवढी होऊ दे, मग सुट्टी घे. हवी तेवढी.”

हे ग्वेन मनापासून बोलत होती. मागे दुसऱ्याच कुणाच्या सुनावणीआधी सुट्टीचं बोलली, तेव्हाही ती मनापासूनच बोलली होती. इनआम उठली. कुणीतरी बाहेरून दार लावून घेतलं, तेही हळूच, आतल्या माणसाची झोप मोडू नये म्हणून, असं तिला वाटलं. आणि दार मोडून तरी जायचं कुठे? या गावात तिला जागाच उरली नव्हती. लेबनॉनवाल्याच्या दुकानात वजन करता करता तो विचारायचा, माझ्या मेव्हण्याचं काही कळलं का हो. केस कापायला बसली की कैचीवाली आरशातून बोलायला लागायची. लग्नात, जनाज्यात, लुबनाच्या कॉलेजच्या समारंभातसुद्धा कुणीतरी हळूच खुर्ची जवळ ओढायचं. लोकांना वाटायचं, इनआमला सांगितलं म्हणजे झालं. जणू ती एक विहीर होती आणि तिला तळ नव्हता.

त्या दोघी रोज बसायच्या त्याच छोट्या खोलीत सुनावणी झाली, कॉम्प्युटरच्या पडद्यावर. निर्णय देणारी बाई कुठल्याशा दुसऱ्या शहरात, नाकावर चष्मा, मागे पुस्तकांचं कपाट. वकील त्याच्या कचेरीत. दुभाष्याचा नुसताच आवाज. उम्म हैसमच्या शेजारी इनआमला बसायची परवानगी होती, बोलायची नव्हती. सुरुवातीची उत्तरं नीट गेली. गाव, नवरा, घर कधी जळलं, बस कुठून सुटली. मग त्या बाईनं चष्मा काढला आणि मवाळ आवाजात विचारलं, “मुलाला तुम्ही शेवटचं कुठे पाहिलंत?”

उम्म हैसमनं तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. हीटर घरघरत होता. “सावकाश. आपल्याला घाई नाही,” बाई म्हणाली, दुभाष्यानं तेही अरबीत सांगितलं. उम्म हैसमनं तोबाचा पदर सारखा केला. मग मान वळवून तिनं इनआमकडे पाहिलं. तू सांग, असं ते पाहणं होतं. तुला येतं.

इनआमला येत होतं. सगळं, क्रमानं. नाका, बस, उतरवलेली पोरं, ड्रायव्हर, मागची काच. तिनंच तर ओळीनं लावलं होतं. तिनं ओठ घट्ट मिटले आणि शब्द मनातल्या मनात उम्म हैसमकडे ढकलू लागली, जशी आई परीक्षेच्या वर्गाबाहेर उभी राहून पोराला उत्तरं ढकलते. नाका. बस. काच. बूट. गाठ बसली होती. आणि ‘गाठ’पाशी ती अडकली. हा शब्द तिनं वकिलाला पाठवताना गाळला होता; सुनावणीला त्याचा उपयोग नव्हता. आता तो तिच्या बोटांत आला. तिला आपल्या बोटांत ती नाडी लागली, ओली, आवळलेली, नखानंही न सुटणारी, आणि वर कुणीतरी ओरडतंय, लवकर, लवकर. पोटातून उचकीसारखं काहीतरी वर आलं. तिनं तळवा तोंडावर दाबला. दुसरं आलं, मग तिसरं. तिला ते थांबवता येईना. बधिर ओठ जागा होतो तेव्हा दुखत दुखत होतो, तसं सगळं एकदम दुखायला लागलं. हैसम, मग ते तोंड दाबलेलं बाळ, आईचा अम्मानमधला कोरडा आवाज, बसमधल्या म्हाताऱ्याची खाली पडलेली टोपी, आणि खाली वाकून ती टोपी उचलणारा मुवफ्फक.

उम्म हैसमनं ते पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आधी घाबरल्यासारखं काही आलं. मग तेही गेलं आणि एक जुना थकवा उरला. चूल विझवून हात पुसत असतानाच दारात आणखी एक पाहुणा उभा राहावा, तेव्हा घरच्या बाईच्या चेहऱ्यावर येतो तो. तिनं रुमालांचा खोका इनआमच्या मांडीवर ठेवला. तिचं मनगट धरलं. मग पडद्याकडे तोंड करून ती बोलू लागली, पहिल्यापासून, एकही गोष्ट पुढेमागे न करता, इनआमनं शिकवलं होतं अगदी तसं. बोलताना तिचा अंगठा इनआमच्या मनगटावर वर-खाली फिरत होता, तापातल्या पोराला थोपटावं तसा. आवाज एकदाही हलला नाही. त्याला हलायला तिनं वेळच ठेवला नाही.

निकाल त्याच दिवशी मिळाला. अर्ज मंजूर. भाची ओरडून मावशीच्या गळ्यात पडली, ग्वेन केक आणायला धावली. बोळात इनआम आणि उम्म हैसम दोघीच उरल्या.

“माफ करा मला,” इनआम म्हणाली. तिचं नाक अजून गळत होतं. “असं व्हायला नको होतं.”

“रडलीस ते बरं झालं, बहिणी. माणसानं रडावं.” उम्म हैसम तो उंच कोट अंगात चढवत होती. एक बाही सापडत नव्हती, इनआमनं ती धरून दिली. “फक्त मला आपलं वाटलं होतं,” ती बटणं लावत म्हणाली, “की एक तरी जागा आहे.”

ती पुन्हा इनआमकडे आली नाही. घराच्या, डॉक्टरच्या, शाळेतल्या इंग्रजीच्या कामांसाठी ती आता रीमापुढे बसू लागली. बोळात समोरासमोर आली की मान लववायची, लुबना कशी आहे म्हणून विचारायची, आणि पुढे जायची. ग्वेननं दिलेला शब्द पाळला, सुट्टीवर सही केली; फक्त महिनाअखेरीपासून, कारण माणसं कमी होती. एका संध्याकाळी इनआम मुवफ्फकजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, “त्या म्हाताऱ्याचं सांग ना मला. मी काही विचारणार नाही.” त्यानं तिच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. “जाऊ दे,” तो म्हणाला, “आधीच तुझं तुला थोडं आहे का,” आणि तिच्यासाठी चहा ओतला. तेव्हाही त्यानं सांगितलं नव्हतं आणि आताही सांगणार नव्हता. कारण तेवढं उलटं झालं होतं. रात्री स्वप्नं परत आली. दिवसा तिला रस्त्यावर कुणाचेही बूट पाहवत नसत, आणि हे गाव असं की पाच महिने बुटांशिवाय दुसरं काही दिसतच नाही.

सोमवारी नवा माणूस आला. येमेनचा, हुदैदाच्या किनाऱ्यावरचा कोळी, पन्नाशीचा, थंडीनं गाल फाटलेले. खोलीत शिरताच त्यानं लोकरीची टोपी काढून हातात घेतली, घरात मोठी माणसं असली की काढतात तशी. इनआम दाराशी उभी होती. ती हसली, हात पुढे केला, म्हणाली, या, बसा, माझं नाव इनआम.

“मी अव्वाद,” तो म्हणाला. “बोट माझ्या भावाची होती. पण त्या दिवशी मी म्हटलं, तू राहा घरी, आज...”

त्याचं चौथं वाक्य तिला माहीत नव्हतं. तिसरंही माहीत नव्हतं. नुसत्या ‘आज’पाशीच तिला रडू फुटलं, तिनं खुर्चीची पाठ पकडली, आणि खुर्ची फरशीवर करकरली. अव्वाद बोलायचा थांबला. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग खोलीत इकडेतिकडे पाहिलं. कोपऱ्यात पाण्याचा जग होता, तो त्याला दिसला. त्यानं तीच खुर्ची तिच्यासाठी ओढून नीट केली.

“आधी तुम्ही बसा, बाई,” तो म्हणाला. “माझं कुठे पळून जातंय.”

इनआम बसली. अव्वादनं पाण्याचा ग्लास तिच्यापुढे ठेवला आणि टोपी दोन्ही हातांत धरून तो उभा राहिला, तिचं होईपर्यंत.